मोतीरामचा बिल्ला

१

बडनेऱ्याहून अकोल्याच्या रोडले लागलं का डाव्या हाताले एक लांबच लांब टिनाचं गोडाऊन दिसते. तूर, हरभरा, सोयाबीन, ज्याचं जे असंल ते त्याच्यात. पयले तिथं माल ठेवाची एकच रीत होती. जागा दिसली का पोत्याईची थप्पी मारा. मंग एखाद्या व्यापाऱ्याचा ट्रक येऊन उभा राह्यला आन् त्यानं आपला हरभरा मागतला, का समदे हमाल निंघत शोधाले, जशी मांडवातून नवरी हरपली! या थप्पीमांगं वाक, त्या थप्पीवर चढ. ट्रकवाला लिंबाखाली एक झोप काढे, उठून च्या पिये, आन् दुसरी झोप काढे. जुना माल मांगं दबून राहे, त्याले किडे लागत, आन् नवा माल समोरून विकून जाय.

भावना आली आन् हे समदं बदललं.

भावना म्हंजे संघपालची बायको. संघपाल त्याच गोडाऊनात हमाल. नवरा पोतं वाहे आन् ते कुठं ठेवाचं हे बायको सांगे. चालते घरोघरी तेच, पण हिले त्याचा पगार भेटे.

अमरावतीहून शिकून आलेली पोरगी. आल्या आल्या तिनं जमिनीवर पिवळ्या रंगाच्या रेघा मारून घेतल्या. गल्ल्याईले नंबर देल्ले. पोतं आत आलं का त्याच्या पोटाले स्टिकर. मशीन दाखवली का टूं वाजे, आन् टेबलावरच्या स्क्रीनवर एक हिरवा ठिपका लागे. कोणाचा माल, कोण्या गल्लीत, कवा आला, समदं त्या ठिपक्यात. जो पयले आला तो पयले निंघाला पाह्यजे, असा तिचा नेम. किडे उपाशी मरू लागले. ट्रक असे भरून निंघाले का एका ड्रायव्हरनं तक्रारच केली, "मॅडम, तुमी माही झोप मोडली."

संघपालही तिले मॅडमच म्हणे. गोडाऊनात म्हणे ते ठीक हाय, घरीही म्हणे. "मॅडम, भाजीत मीठ कोण्या गल्लीत ठेवलं?" असा तो माणूस. तोंड काही बंद नाई, दात काही झाकले नाई. त्याची माय सुंदराबाई म्हणे, याले पाळण्यात घातलं तवाच हा माह्याकडं पाहून हासला होता, मले तवाच शक आला.

भावना मात्र त्याचं नाव घेत नसे. शिकलेली असली तरी सासूच्या घरात "अवो" वरच काम भागवे. सुंदराबाईचं म्हणनं होतं का नवऱ्याचं नाव घेतलं का तव्यावरची भाकर करपते. भावनाले हे पटे नाई, पण करपलेली भाकर तिलेच खावी लागे, मंग कोण वाद घालते?

२

आता किड्याची गोष्ट निंघाली तं दवाचीही सांगा लागते.

मालाले किडे लागू नाई म्हणून थप्पीले दवा लावत. अख्ख्या थप्पीवर जाड प्लास्टिक पांघरत, खालच्या कडेले रेती भरलेले लांब लांब साप ठेवत, म्हंजे वारा आत जाऊ नाई आन् दवा बाहेर येऊ नाई. मंग आठ-पंधरा रोज तिकडं कोणी फिरकाचं नाई. आत जे राह्यलं, ते किडं असो का माणूस, जित्तं निंघत नाई.

थप्पी रचाले हमाल वर चढत, दोन थप्प्याईच्या मंधात उतरत, कधी कोणी तिथंच थंडाव्याले डोळा लावून पडे. म्हणून प्लास्टिक ओढाच्या आधी मुकादम बुधाजी दारात उभा राही आन् हाक घेई. एकेकाचं नाव. ज्याचं नाव, त्यानं बाहेरून "हाव" म्हणाचं.

"रविकांत!"

"हाव!"

"खुशालराव!"

"हाव!"

"संघपाल!"

"घरी नाई!"

हे त्याचं नेहमीचंच. आवाज बारीक करून, जसं दारातल्या उधारीवाल्याले आतून बायकोनं सांगतलं. समदे हासत, बुधाजी एक शिवी घाले, आन् हाक पुढं जाय.

पण शेवटी बुधाजी एक नाव घेई, तवा कोणी हासत नसे.

"मोतीराम!"

त्या नावाचा तिथं कोणीच नव्हता. तरी समदे चिडीचूप. संघपालसुद्धा. वरचं टिन उनानं कडकड वाजे, तेवढाच आवाज. थोडा येळ कान देऊन बुधाजी मान हालवे. "लावा."

भावनानं पयल्यांदा हे पाह्यलं तवा तिनं इचारलं, "बुधाजी काका, मोतीराम कोन?"

"कोणी नाई."

"मंग हाक कोणाले?"

"माह्या पयल्या मुकादमानं मारली, त्याच्या पयल्यानं मारली, म्हणून मी मारतो."

"आन् उत्तर आलं तं?"

बुधाजीनं तंबाखू तळहातावर घेतली होती. ती मळता मळता म्हणे, "तं दवा लावाची नाई. प्लास्टिक तसंच ठेवाचं, दार लोटाचं, घरी जाचं. सकाळी पाहाचं."

"म्हंजे! आत माणूस असंल आन् पाहाचं नाई?"

"कोणाले पाहाचं वं, पोरी? आपले तं समदे बाहेर असतात. उत्तर देऊन मोकळे झाले असतात."

भावनाले हासू आलं. तिचा बाप मूर्तिजापूरले मास्तर. कोणी भूत पाह्यलं म्हणला का तो इचारे, उंची मोजली का त्याची? अशा बापाची पोरगी ती. पण हासू आलं ते तोंडातच राह्यलं. बुधाजीचं बोलनं खुळ्यासारखं होतं, पण त्याले कुठं भोक सापडे नाई.

३

गोडाऊनाचा मालक अमरावतीचा. त्याचा पोरगा पुष्कर कारभार पाहे. पुण्यात शिकलेला, आन् घाईत जन्मलेला. एक रोज तो पेटी घेऊन आला. आत निळे निळे बिल्ले, गळ्यात घालाच्या दोऱ्याचे.

"मालाचा पत्ता लागतो, मग माणसाचा का नको? प्रत्येकाने हा घालायचा. स्क्रीनवर निळा ठिपका. कोण कुठल्या गल्लीत आहे ते बसल्या जागी कळेल. ही हाकाबिका बंद करा आता, बाहेरचे लोक बघतात तर हसतात."

"साहेब, दवाच्या येळेस..." बुधाजी बोलाले गेला.

"अहो काका, सगळे निळे ठिपके बाहेर दिसले की लावायची दवा. हाक ऐकायला माणूस चुकेल, हे चुकत नाही."

भावनाले ते पटलं. खरं सांगाचं तं तिले लय आनंद झाला. संघपालले दोनदा त्या फटीत झोपलेला तिनं पाह्यला होता, आन् दवाच्या रोजी ती आधी ती फट पाहून येई. आता नवरा कुठं हाय ते स्क्रीनवर दिसन. अशी सोय कोण्या बायकोले भेटते?

बिल्ल्यावर नावं टाकाची होती. ती मशीन घेऊन बसली. "सांगा काका, तुमच्या टोळीतली नावं."

बुधाजीनं डोळे मिटले आन् हाकेच्या चालीवर नावं सांगतली. जीभ आपल्या सवयीनं चालली. भावनाचे हात आपल्या सवयीनं चालले. बिल्ले वाटून झाले तवा पेटीत एक उरला.

मोतीराम.

"हात्तीच्या!" संघपाल म्हणे, "मॅडमनं भुताले नोकरीवर लावलं!"

समदे हासले. बुधाजी नाई हासला. त्यानं तो बिल्ला उचलला, दाराजवळच्या खिळ्याले टांगला, आन् म्हणे, "राहू द्या. दिलं त्याले तं दिलं. त्याचं त्याच्यापाशी राह्यलं का तो दुसऱ्याचं घेत नाई."

४

पयलं काही दिसलं ते दुपारचं.

चैत गेला होता, वैशाख तापून राह्यला होता. हमाल लिंबाखाली डबे उघडून बसले. भावना टेबलापाशी एकटीच भाकर खाऊन राह्यली होती. स्क्रीनवर समदे निळे ठिपके गोडाऊनच्या बाहेर, एका जागी गोळा. जसे गुळाले मुंगळे. तिनं संघपालचा ठिपका पाह्यला, बरं वाटलं.

आन् एक निळा ठिपका चवथ्या गल्लीत.

खाली नाव. मोतीराम.

भावना उठली. दाराजवळ गेली. बिल्ला खिळ्याले टांगलेला. हालतही नव्हता. परत येऊन पाह्यलं तं ठिपका चवथ्या गल्लीतून पाचवीत गेला, थांबला, पुन्हा चवथीत आला. अंगणात कोणाची वाट पाहाणारा माणूस कसा फिरते, तसा.

पुष्करले फोन केला. तो म्हणे, "टिनाचं छप्पर आहे, सिग्नल इकडे तिकडे आपटतो. दुर्लक्ष कर."

तिनं ते मानलं. सिग्नल आपटते. आपटत असंल. पण राह्यलेली अर्धी भाकर तिनं डब्यात ठेवली, आन् बाहेर जाऊन लिंबाखाली बसली.

"काय मॅडम," संघपाल म्हणे, "आत एकटीले करमत नाई का?"

"आत कोणी हाय का तुमच्यातलं?"

"आमी समदे इथंच. मोज."

तिनं मोजलं नाई. मोजाची हिंमत झाली नाई म्हणा.

५

मंग दोऱ्याचं झालं.

हमालाईचे बिल्ले घामानं, भुशानं हप्त्याभरात काळे पडले. दोरे असे चिकट झाले का हातात धरवत नव्हते. एक रोज भावनानं ते समदे धुवाले मागतले. बादलीत टाकता टाकता तिनं खिळ्यावरचाही घेतला. कोरा होता, घालाले कोणी नव्हतं, पण धूळ तं बसली असंल.

त्याचा दोरा काळा होता. मानेमांगं येते त्या जागी घामाचा पांढरा खार चढलेला, बाकीच्याईसारखाच. बादलीत बुडला नव्हता, तरी घामानं ओला होता.

तिनं तो दोन बोटात धरला आन् हमालाईत नेला. "हा कोन घालते?"

कोणीच घालत नव्हतं. मंग तिची नजर संघपालकडं गेली. असे उद्योग दुसरं कोन करन?

"तुमीच ना?"

"मी काहून?"

"खरं सांगा. थट्टा असंल तं तेवढीच पुरे."

संघपालनं डोळे मिचकावले. तिच्या हातातून बिल्ला घेतला, आपल्या गळ्यात घातला, आन् बादलीतला सोताचा काढून खिळ्याले टांगला. "आजपासून मी मोतीराम. संघपालले आज सुट्टी. त्याले काही काम सांगाचं असंल तं त्या खिळ्याले सांगा."

हमाल हासून लोटपोट. खुशालराव म्हणे, "मंग वयनी कोणाची रे?"

दिवसभर तो तसाच फिरला. कोणी "ए मोतीराम" म्हणलं का "हाव" म्हणे, आन् पोतं उचले. बुधाजीनं पाह्यलं तवा त्याच्या अंगावर धावून गेला, बिल्ला ओढून काढला. तो परत खिळ्याले टांगला. "बह्याडा! जगात नावाचा दुकाळ पडला होता का रे, त्याचंच घ्याले?"

"अवो काका, थट्टा होती."

"तुह्याकडून थट्टा होती," बुधाजी म्हणे.

भावनाले वाटलं, चला, कोडं सुटलं. दोरा काळा करणारा तिचाच नवरा. तिनं मनाले हेच सांगतलं, आन् मनानंही ऐकल्यासारखं केलं. नुस्तं एक राह्यलं. दोरा काळा झाला होता तो त्यानं गळ्यात घालाच्या आधी.

६

पुढं बुधाजी डोळ्याच्या ऑपरेशनले अकोल्याले गेला. जुन्या शहरात त्याची पोरगी देल्ली, तिच्याकडं मुक्काम. जाताना भावनाले म्हणे, "दवा मी आल्यावर लावजा."

पण दवा त्याच्यासाठी थांबली नाई. चवथ्या गल्लीतल्या हरभऱ्यात किडा दिसला, आन् बाहेरगावचे पाहुणे गोडाऊन पाहाले येणार होते. नवी रीत कशी चालते, ते त्याईले दाखवाचं होतं. पुष्करच्या अंगात वारं शिरलं. तो भावनाच्या खुर्चीवर बसून स्क्रीन पाहू लागला.

"हा मोतीराम कोण? हजेरीत नाही, पगारात नाही, पण गोडाऊनमध्ये फिरतो?"

"चुकून झाला, साहेब."

"मग काढायचा ना." त्यानं दोन बोटं मारली. ठिपका गेला. खिळ्यावरचा बिल्ला काढून त्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकला. "संपलं."

भावनालेही हलकं वाटलं. खोटं काहून बोलाचं?

दुसऱ्या रोजी तिनं स्क्रीन लावली. समदे निळे ठिपके आपल्या आपल्या कामावर. रविकांत काट्यापाशी. खुशालराव ट्रकवर. संघपाल हातगाडीपाशी, टेबलासमोरच्या खिडकीच्या काचेतून तो दिसतही होता, कोणाले तरी गोष्ट सांगून राह्यला होता.

आन् संघपाल चवथ्या गल्लीत.

तेच नाव. तसाच ठिपका.

तिनं डोळे पुसले, स्क्रीन बंद केली, लावली. दोन संघपाल. काचेतला संघपाल हातगाडी ढकलत ट्रककडं निंघाला, तसा एक ठिपका सरकला. दुसराही सरकला. याच्यामांगं नाई, याच्यासारखा. हा जेवढी पावलं चालला, तेवढी तो तिकडं गल्लीत चालला.

"डबल एन्ट्री," पुष्कर फोनवर म्हणे. "रिफ्रेश कर."

७

दवाचा रोज उजाडला तोच मुळी तापलेला. दुपारपावतर टिन असं तापलं का छपराखाली उभं राह्यलं तं टाळू भाजे. पुष्कर घड्याळ पाहून पाहून फिरे. पाहुणे बडनेऱ्याले उतरले होते.

चवथ्या गल्लीतल्या थप्पीवर प्लास्टिक ओढलं. रेतीचे साप तीन बाजूनं लागले. चवथी बाजू दवासाठी उघडी.

"स्क्रीन?" पुष्कर म्हणे.

भावनानं पाह्यलं. समदे बाहेर. एक संघपाल बाहेर. एक संघपाल आत.

"साहेब, एक आत दाखवते."

"तो डबल आहे, तुला माहीत आहे ना?"

"पण दोघातला डबल कोणता?"

पुष्करनं पुन्हा घड्याळ पाह्यलं. तो म्हणे, "भावना, मला पाहुण्यांसमोर तमाशा नकोय."

तिनं चारीकडं पाह्यलं. हमाल दाराबाहेर उभे, तोंडाले गमछे बांधलेले, दवाच्या दिवशी बांधतात तसे. कोण कोणता, ओळखू येईना. संघपाल कुठं हाय? सकाळपासून त्यानं एकही थट्टा केली नव्हती, का केली होती? तिले आठवेना. बुधाजीले फोन लावला, तो लागेना.

मंग ती दारापाशी गेली, जिथं बुधाजी उभा राहे, आन् तिनं हाक घेतली.

"रविकांत!"

हमाल दचकले. मंग गमछ्यातून आवाज आला, "हाव!"

"खुशालराव!"

"हाव!"

एकेक नाव ती घेत गेली, एकेक उत्तर येत गेलं. शेवटी नवऱ्याचं नाव राह्यलं. लग्नापासून जे नाव तिनं मोठ्यानं घेतलं नव्हतं, ते.

"संघपाल!"

"ओहो!" खुशालराव ओरडला, "वयनीनं नाव घेतलं! उखाण्यात घ्या वयनी, उखाण्यात!"

आन् त्या हासण्यातून, दाराकडून, बारीक आवाजात उत्तर आलं.

"घरी नाई!"

भावनानं वळून पाह्यलं. मोठ्या दाराच्या दुसऱ्या टोकाले एक जण चौकटीले हात लावून उभा होता. मांगून ऊन असं डोळ्यावर येई का नुस्ता काळा आकार दिसे, पण आवाज तोच, उभं राहानं तेच. बाहेर हाय. नवरा बाहेर हाय. आता पुष्करले लाव म्हणाचं आन् पाणी प्याचं.

पण हाकेची चाल एकदा जिभेवर बसली का शेवटपावतर जाते. तिनं थांबवाच्या आधीच नाव तोंडून निंघालं.

"मोतीराम!"

हासनं थांबलं. टिन कडकडलं.

प्लास्टिकच्या आतून, थप्प्याईच्या मंधातून, कोणी तरी म्हणलं,

"हाव."

आवाज संघपालचा होता. कोरडा. बसलेला. मंग तोच आवाज म्हणे, "भावना. खोल."

बुधाजीचं बोलनं तिले आठवलं नाई असं नाई. आठवलं. पण बाई, आतून नवऱ्याचा आवाज येऊन राह्यला, कडेले दवाचे पुडे ठेवले हायेत, आन् कोण बसते आठवत? तिनं रेतीचा साप लाथेनं उडवला आन् प्लास्टिकखाली घुसली. मांगून कोणी तरी जीव तोडून ओरडलं, "मॅडम! नका खोलू, मॅडम!" समदेच तिले मॅडम म्हणत. तिनं मांगं पाह्यलं नाई.

दोन थप्प्याईच्या फटीत, गुडघे छातीले लावून, संघपाल बसला होता. केसात भुसा, ओठ सुकलेले. गळ्यात बिल्ला नव्हता. त्यानं तिच्याकडं पाह्यलं. तिनं त्याचा हात धरून बाहेर ओढलं, आन् त्याच्या गळ्यात पडून रडली, समद्या हमालाईच्या समोर.

"इथं काहून बसले होते?"

"डोळा लागला," तो म्हणे.

डोळे पुसून तिनं दाराकडं पाह्यलं. चौकट मोकळी होती. बाहेर नुस्तं ऊन.

"दारात कोन होतं?" तिनं इचारलं.

हमाल एकमेकाकडं पाहू लागले. रविकांत म्हणे, "आमी तं संघपालच समजलो. आत्ता तुमच्या मांगं धावत आला ना, प्लास्टिककडं?"

"झालं का?" पुष्कर कपाळाचा घाम पुसत म्हणे. गाडीचा हॉर्न वाजला होता. "माणूस सापडला ना? मग लावा आता. चला, चला!"

दवा आत गेली, प्लास्टिक ओढलं, साप लागले.

"हाक घ्याची का पुन्हा?" रविकांतनं हळूच इचारलं.

"आत्ताच झाली ना!" पुष्कर म्हणे.

८

त्या रोजपासून संघपाल सुधरला.

सुंदराबाई शेजारीपाजारी सांगत फिरली. "मराच्या दाढेतून वापस आला माहा पोरगा, आता पाहा कसा शांत झाला! वाढलं ते खाते. सांगतलं ते करते. 'हाव' म्हणते आन् उठते." बापा, कोण्या मायले वाईट वाटन?

भावनाही म्हणे, भेलं माणूस. होईन हळूहळू.

तो कामावर जात नव्हता. दिवसभर घरीच. कपाट आन् भिंतीच्या मंधात हातभर फट होती, तिथं जाऊन बसे, गुडघे छातीले लावून. "खाटेवर बसा ना," ती म्हणे. तो म्हणे, "इथं थंड हाय." मंग म्हणे, "भावना, पाणी दे."

भावना. मॅडम नाई.

गोडाऊनात स्क्रीनवर दुसरा ठिपका गेला होता. आता संघपालचा एकच निळा ठिपका, चवथ्या गल्लीत, प्लास्टिकच्या आत. "बिल्ला आत पडला असेल," पुष्कर म्हणे. "दवा उतरली की काढू." पाहुणे खुश होऊन गेले होते, तोही खुशीत होता.

बुधाजीचा फोन आला, डोळ्याची पट्टी निंघाल्यावर.

"काका, उत्तर आलं होतं," भावना म्हणे.

 मंग बुधाजी म्हणे, "खोललं का?"

"हाव. ह्याईचा आवाज होता."

"आन् दारातून?"

"दारातूनही उत्तर आलं होतं."

"काय म्हणलं?"

भावनानं सांगतलं. बुधाजीनं ऐकून घेतलं. मंग हळूच म्हणे, "पोरी, आता शेवटची हाक कोणाच्या नावाची माराची?"

तिनं फोन ठेवला. सैंपाकघरात सुंदराबाई भाकर थापत होती. संघपाल जेवाले बसला होता, भिंतीकडं तोंड करून. भाजी आळणी होती. भावनानंच मीठ टाकाचं सोडलं होतं, मुद्दाम. तो मुकाट्यानं खाऊन राह्यला होता.

भावना दाराशी उभी राह्यली. थट्टा करावी तशी, अगदी हलक्या आवाजात म्हणे, "मोतीराम."

"हाव," तो म्हणे.

वर पाह्यलं नाई. हासला नाई. दुसरा घास घेतला.

९

रविवारी गोडाऊन बंद असते. वाचमननं मॅडम म्हणून दार उघडून देल्लं आन् तो लिंबाखाली जाऊन पडला.

आत पिवळ्या रेघा सरळ होत्या. समदा माल आपल्या आपल्या जागेवर. हिचीच करणी. कोणती वस्तू हरपन अशी जागाच तिनं ठेवली नव्हती.

चवथ्या गल्लीत ती प्लास्टिकसमोर उभी राह्यली. रेतीचे साप चारी बाजूनं घट्ट. दवाचा वास नाकात शिरला, तिनं पदर लावला. तिच्या मनानं तिच्यासंगं वाद घातला. बाप म्हणला असता, पुरावा पाहा. बुधाजी म्हणला होता, आतून उत्तर आलं तं ते आपलं नसते. आन् घरी फटीत एक माणूस बसला होता, तो आपला नव्हता, तं मंग उत्तर देणारा कोन, आन् आपलं कोन? आत जर कोणी होतं, तं एवढ्या दिवसात... ती तिथंच थांबली. पुढचा इचार तिनं केला नाई.

प्लास्टिक एका जागी जरासं वर आलं, आन् खाली बसलं. वारा नव्हता.

आज हासाले कोणी नव्हतं, उखाणा मागाले कोणी नव्हतं. भावनानं नवऱ्याचं नाव घेतलं, गोडाऊनच्या या टोकाचं त्या टोकाले जाईन एवढ्या मोठ्यानं.

"संघपाल!"

टिन कडकडलं. मंग बंद झालं.

आन् लय आतून, पोत्याईच्या पोटातून, बारीक आवाज काढून, जसं आतून बायकोनं सांगतलं,

"घरी नाई!"